जर्राहाचा डेरा

मोहिमेवर निघालेलं लष्कर बघायला पुणेकर माड्यांवर चढून बसत. घोडे, भाले, हत्तीवरचं निशाण, सगळं डोळे भरून बघत आणि मग घरी जाऊन जेवत. एवढी माणसं संध्याकाळी टेकणार कुठे, हा प्रश्न कुणाला पडत नसे. तो पडायचा फक्त फरासखान्याला. सरकारच्या अठरा कारखान्यांत फरासखान्याचा मान तसा मधलाच. हत्तींच्या पीलखान्याचा रुबाब वेगळा, तोफखान्याची ऐट वेगळी. तंबू-राहुट्यांकडे कोण बघतो? पण खरं विचाराल तर कमाल होती ती इथेच. बाकीचे कारखाने एका जागी बसून काम करत. फरासखाना रोज संध्याकाळी उघड्या माळावर एक गाव वसवी आणि रोज पहाटे ते गुंडाळून जनावरांच्या पाठीवर घाली.

या कामाला चार जथे होते. दोरीवाले, खांबवाले, कापडवाले आणि मेखवाले. प्रत्येक जथ्याचा नाईक वेगळा, बसायची ओसरी वेगळी आणि अभिमान तर फारच वेगळा. खांबवाले कापडवाल्यांना चिंध्या म्हणत, कापडवाले खांबवाल्यांना सरपण म्हणत. मेखवाल्यांना कुणी काही म्हणत नसे, कारण त्यांच्याशी बोलायची वेळच येत नसे. जमिनीत ठोकायच्या खुंट्या करणाऱ्या माणसांशी काय बोलायचं?

दोरीवाल्यांचा नाईक मेहबूब. कसबा पेठेतलं त्याचं घर पिढ्यानपिढ्या तणावे वळणारं. तणावा म्हणजे तंबू चहूबाजूंनी ताणून धरणारा दोर. त्या घराची एक गाठ होती. वारा जितका ओढेल तितकी ती आवळत जाई आणि तळ उठवायच्या वेळी एका हिसक्यात सुटे. ही गाठ दोरीवाल्यांच्या घरांबाहेर कुणाला येत नव्हती आणि येऊ द्यायचीही नव्हती. ती मारताना प्रत्येक दोरीवाला खांद्यावरचा पंचा हातांवर ओढून घेई. बघणाऱ्याला पंचा हलताना दिसायचा, बस.

दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की चारी जथे सामान लादायला लागत. ज्याचं सामान आधी दरवाजाबाहेर पडेल त्या नाइकाला दारोगा, म्हणजे कारखान्याचा मुख्य, आपल्या हाताने मानाचा विडा देई. हा विडा वर्षानुवर्षं मेहबूबच्याच तोंडात गेला होता. दोर हलके, उंट चपळ आणि त्याची माणसं वाघासारखी. इतरांनी त्याला पाण्यात पाहायचं आणि त्याने विडा चघळत उंटामागून चालायचं, असा तो शिरस्ताच पडून गेला होता.

गेल्या दसऱ्यालाही तसंच झालं. पहिला मुक्काम खराडीला होता. दोर दुपारीच पोचले, मागोमाग कापड आलं, हत्तींवरून खांब आले. सगळ्यांनी आपापलं सामान माळावर सुबक रचून ठेवलं. मेखा तेवढ्या आल्या नाहीत. त्या जड, म्हणून बैलांवर, आणि बैल म्हणून सर्वांच्या मागे. वरातीमागून घोडं म्हणतात तशातली गत. त्यात परतीचा पाऊस कोसळला आणि येरवड्याच्या उतारावर नदीचं पाणी चढलं. बैल अलीकडच्या काठावर उभे राहिले.

नेमका त्याच उतारावर मेखवाल्यांचा नाईक सोनबा याचा धाकटा भाऊ राघू बैलगाडीखाली आला. त्याला डोलीत घालून नावेतून पलीकडे नेलं आणि खराडीला पोचवलं. जर्राह, म्हणजे लष्कराचा शस्त्रवैद्य, आपली पेटी पोटाशी धरून पावसात उभा होता. तो छप्पर मागत होता. लोकांनी दोर गाड्यांच्या चाकांना बांधून पाहिले, दगडांना बांधून पाहिले. वाऱ्याने कापड दोनदा उडवून नेलं. राघूचा जीव वाचला, पाय गेला. छप्पर असतं तर पायही राहिला असता, असं जर्राह नंतर म्हणाला. तो उगाच बोलणारा माणूस नव्हता.

पुण्याला चौकशी झाली. दोर वेळेवर पोचले होते. कापड कोरडं होतं. खांब सरळ होते. मेखाही मोजून मापून, वेळेत लादल्या होत्या; नदीपुढे सोनबाचं काय चालणार? चारी नाइकांचं काम चोख निघालं. चौघेही निर्दोष होते आणि डेरा उभा राहिला नव्हता. मग चौकशी करणाऱ्यांनी काय करावं? त्यांनी म्हाताऱ्या दारोग्याला काशीयात्रेची आठवण करून दिली आणि त्याच्या जागी मुदपाकखान्यातून, म्हणजे सरकारी स्वयंपाकघरातून, यज्ञेश्वरपंतांना आणून बसवलं. आता तंबूंना फोडणी मिळणार, असं फरासखान्यात जो तो म्हणू लागला.

यज्ञेश्वरपंत अंगाने काटकुळे आणि बोलायला कंजूष. पावसाळाभर ते नुसते या ओसरीवरून त्या ओसरीवर जाऊन बसत. दोर वळताना पाहत, मेख तासताना पाहत, कुणी काही विचारलं तर मान हलवत. हा माणूस आंधळ्या कोशिंबिरीत सापडलाय, असं मेहबूबने घरी बायकोला सांगितलं. नजमा म्हणाली, जो बघतो तो आंधळा कसा? मेहबूबला ते आवडलं नाही.

भाद्रपद संपता संपता पंतांनी चौघा नाइकांना बोलावलं. एका बाजूला जर्राहही बसलेला होता. पंतांनी एकच प्रश्न विचारला: आपलं काम चांगलं झालं, हे तुम्ही कशावरून ओळखता? खांबवाला म्हणाला, खांब वाकला नाही यावरून. कापडवाला म्हणाला, शिवण उसवली नाही यावरून. मेहबूबने छाती काढून सांगितलं की सर्वांत आधी दरवाजाबाहेर पडलो यावरून. सोनबाने फक्त जर्राहाकडे पाहिलं. मग पंत जर्राहाकडे वळले आणि तोच प्रश्न त्याला विचारला. तो म्हणाला, "मी पोचलो की डोक्यावर छप्पर आहे का, यावरून."



"कारखाना कशासाठी आहे, हे तुम्हा चौघांना चार तऱ्हांनी ठाऊक आहे," ते म्हणाले. "ज्यांच्यासाठी आहे त्यांना एकाच तऱ्हेने ठाऊक आहे. मी स्वयंपाकघरातला माणूस. पंगतीत मीठवाला वेगळा, भातवाला वेगळा, तूपवाला वेगळा, आणि ते झकास चालतं. कारण पंगत एका जागी बसते. तुमची पंगत चालत जाते, नाईक. चालत्या माणसाला कुणी पंगतीत वाढत नाही. त्याला शिदोरी बांधून देतात आणि शिदोरीत सगळं लागतं."

मग त्यांनी शिदोरी म्हणजे काय ते सांगितलं. यापुढे दोर एकीकडे आणि मेखा तिसरीकडे जाणार नाहीत. एका डेऱ्याचं सगळं सामान, दोर-खांब-कापड-मेखा, एकाच तांड्यात, एकाच जनावरांच्या रांगेत. त्या तांड्यात चारी जथ्यांतली माणसं, आणि त्यांचा एक नाईक. कुणाचा डेरा आधी लागणार तेही ठरलेलं असेल: पहिला जर्राहाचा, आणि सरकारचा त्याच्यानंतर. यावर खांबवाल्याने हळूच विचारलं की सरकारला हे ठाऊक आहे का. पंत म्हणाले, सरकारनीच सही केलीय, आपली हरकत असेल तर कळवतो. खांबवाल्याची हरकत तिथल्या तिथे विरली.

मेहबूबच्या डोक्यात सणक गेली होती. त्याने विचारलं, मग माझ्या नाइकीचं काय?

"पावसाळ्यात दोर वळायला तुमची सगळी माणसं तुमच्याच ओसरीवर बसतील. तिथे नाईक तुम्हीच. एकदा बाहेर पडलं की मात्र दोरीची नाइकी नाही, डेऱ्याची आहे. जर्राहाचा डेरा तुम्हाला दिलाय. आणि विडा आता दरवाजात मिळणार नाही, खराडीला मिळेल." पंत उठता उठता म्हणाले, "दसऱ्याआधी नदीकाठच्या माळावर लावून पाहू. नाही उभा राहिला तर जुनं ते सोनं. मी हट्टी आहे, आंधळा नाही."

शेवटचं वाक्य नजमाच्या तोंडून इतक्या लांब कसं पोचलं, या विचारात मेहबूब घरी आला. तिथे करीमचाचा वाटच बघत होते. करीमचाचा म्हणजे त्याच्या बापाचे धाकटे भाऊ, दोरीवाल्यांत सर्वांत वडील. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता, पण गाठीवर बोट ठेवून ती कुणाच्या हातची हे ते सांगत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच बजावलं की माणसं वाटून दे, उंट वाटून दे, गाठ वाटायची नाही. गाठ गेली की आपण दोरीवाले राहिलो नाही, हमाल झालो. मेहबूबने मान डोलावली. त्याला वेगळं काही करायचंच नव्हतं.

माळावरची परीक्षा एका सकाळी झाली. जर्राहाचा डेरा मोठा, त्याला तणावे पुष्कळ. आणि दोरीवाले सगळ्या तांड्यांत विखुरल्यामुळे मेहबूबच्या वाट्याला त्याच्याखेरीज एकच दोरीवाला आलेला; मेखांना मात्र खुद्द सोनबा होता. पूर्वी गाठी मारायला जिथे अख्खा जथा पडायचा तिथे आता दोघंच. उरलेले दोर मेखवाल्यांनी आणि खांबवाल्यांनी आपल्याला येतील तशा गाठींनी बांधले. सुरुवातीला सगळं नामी दिसलं. सामान एकदम आलं, कुणी कुणासाठी थांबलं नाही, सोनबाच्या लाकडी मोगरीचे मेखांवर ठोके पडत गेले आणि डेरा बघता बघता उभा राहिला. मग नदीवरून वारा आला. मेहबूबच्या बाजूचे दोर ताणून धरून राहिले. पलीकडच्या गाठी एकेक करून घसरल्या आणि डेरा म्हशीने बसावं तसा पलीकडे बसला. खाली सोनबा सापडला.

त्याला बाहेर काढलं. कपाळाला खोक पडली होती, बाकी ठीक होता. पंतांनी पडलेल्या डेऱ्याकडे पाहिलं, मेहबूबच्या बाजूच्या तशाच ताठ दोरांकडे पाहिलं, मग त्याच्या खांद्यावरच्या पंच्याकडे पाहिलं. "पडला," एवढं म्हणून ते झाडाखाली जाऊन बसले. चार दिवसांनी दसरा होता; डेरा पुन्हा लावून पाहायला तेवढेच दिवस हातात होते.

आता मेहबूबला काही करायचंच नव्हतं. हीच तर त्याच्या बाजूची गोम होती. त्याने नुसतं गप्प राहायचं. डेरा आणखी एकदा पडला असता आणि सगळं पहिल्यासारखं झालं असतं. नाइकी, ओसरी, दरवाजातला विडा. त्याची माणसं लांबून त्याच्याकडे बघून गालांत हसत होती. त्यालाही हसू यायला हवं होतं. पण सोनबा जमिनीवर बसून कपाळाचं रक्त पुसत होता आणि त्याच्यासमोर हसायची मेहबूबला लाज वाटली.

सोनबा त्याच्याकडे न बघताच बोलला. "राघू पडला होता तेव्हा तुझे दोर माझ्या मेखांची वाट बघत होते. माझं चुकलं नव्हतं, तुझंही नव्हतं. सगळ्यांनी मला तेच सांगितलं. राघूला जाऊन सांग म्हटलं तर कुणी आलं नाही." तो थांबला. "आज माझ्या मेखा जमिनीत गच्च आहेत, मेहबूब. त्या तुझ्या गाठीची वाट बघतायत."

राघू कसब्यात त्याच्या घराहून चार पावलांवर राहत होता आणि वर्षभर मेहबूब त्या बोळातून जायचं टाळत होता. आपलं काही चुकलेलं नसताना आपण वाट का बदलतो, हे त्याने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. आत्ता विचारलं, आणि उत्तर लगेच मिळालं. काम चोख करून मोकळं होता येतं. काम ज्याच्यासाठी केलं त्याच्यापासून मोकळं होता येत नाही.

त्याने खांद्यावरचा पंचा काढला आणि घडी करून सोनबाच्या कपाळावर बांधला. मग एक सुटा तणावा उचलला, मेखेसमोर उकिडवा बसला, आणि दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर, उघड्या हातांनी गाठ मारली. एकदा भरभर. मग सावकाश. मग सोनबाचा हात धरून. गालांत हसणारी त्याची माणसं पुढे आली आणि मग जिथल्या तिथे थबकली. कुणीतरी करीमचाचांना सांगायला पेठेकडे धावलं. पंत झाडाखालून उठले नाहीत. त्यांनी फक्त मान दुसरीकडे वळवली, जणू नदीत काहीतरी बघण्यासारखं होतं. चांगला कारभारी कधी पाहतो आणि कधी पाहत नाही, हे त्या माणसाकडून शिकावं.

त्या दिवसापासून करीमचाचा मेहबूबशी बोलले नाहीत. घरात एका ताटाशी बसून न बोलणं हे फार अवघड काम आहे, पण त्यांनी ते निष्ठेने केलं. मेहबूब रोज सकाळी माळावर जाई आणि खांबवाल्यांना, कापडवाल्यांना, मेखवाल्यांना गाठ शिकवी. त्यांची बोटं जाड, काही केल्या वळायची नाहीत. तो चिडायचा, शिव्या घालायचा, पुन्हा बसायचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डेरा पुन्हा लावला तेव्हा तो उभा राहिला; वाराही नव्हता म्हणा. आजोबांनी कुणाला दाखवली नाही ती वस्तू आपण बाजारात मांडली, असं त्याने एका रात्री नजमाला बोलून दाखवलं. ती कणीक मळत होती. "जखमी माणूस वर छताकडे बघेल," ती म्हणाली, "गाठ कुणी मारली ते विचारायला उठणार आहे का?" मेहबूबला यावेळीही ते आवडलं नाही, पण झोप लागली.

दसऱ्याला लष्कर निघालं आणि ज्यांना बघायची दृष्टी होती त्यांनी त्या दिवशी एक नवीन गोष्ट पाहिली. फरासखान्याच्या दरवाजातून पूर्वी आधी दोरांचा लोंढा, मग कापडाचा, मग लाकडांचा बाहेर पडे. आज डेऱ्यामागून डेरा निघाला. प्रत्येक तांडा आपलं घर आपल्या पाठीवर घेऊन चाललेला, मागच्या-पुढच्याला काही न विचारता. उष्ट्रखान्याचे उंट, पीलखान्याचे हत्ती, बैल, माणसं, पाणके, मशालची. एवढा पसारा आणि आरडाओरडा कसला नाही. एवढ्या लोकांना एकच गोष्ट ठाऊक असली की केवढी शांतता होते, हे पाहून मेहबूबला स्वतःशीच नवल वाटलं.

येरवड्याच्या उतारावर पंतांनी त्याला थांबवलं. मागचे तांडे सगळ्या सामानासकट पलीकडे उतरवायचे होते आणि ओझ्याचं त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. जर्राहाचा डेरा घेऊन सोनबा पुढे जाईल, असं पंत म्हणाले. आभाळ पुन्हा भरून आलं होतं. त्याच्या तांड्यात आता त्याच्यासारखी गाठ मारणारा एकच माणूस उरणार होता, बाकी सगळी जाड बोटं. पण त्याने मान हलवली आणि डेरा पुढे जाऊ दिला.

दुपार कलता कलता, शेवटचे तांडे पाण्यात असताना, एका उंटाचा पाय घसरला. त्या उंटाशेजारच्या गाडीत करीमचाचा होते. कुठल्याच तांड्यात नाव घालू न देता ते नुसते दोर दुरुस्त करायला म्हणून आले होते. गाडी कलंडली. त्यांना बाहेर काढलं तेव्हा उजवा हात कोपरापासून भलतीकडे वळलेला होता आणि हाड बाहेर आलं होतं. मेहबूबने त्यांना डोलीत घातलं. नदी ओलांडेपर्यंत पाऊस सुरू झाला, आणि येरवडा मागे पडेपर्यंत वाऱ्याने जोर धरला.

त्या वाटेवर मेहबूबने जे सोसलं ते त्याने पुढे कुणाला सांगितलं नाही. चाचा डोळे मिटून कण्हत होते. गेल्या वर्षी राघू याच वाटेने असाच गेला होता. वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर त्याला ती जाड बोटं दिसत होती; चुकीच्या बाजूने आलेला पीळ, ढिला राहिलेला फास. डेरा पडलेला असेल, तर तो आपण शिकवलेल्या गाठींमुळे पडलेला असेल, आणि चाचांचा हात जाईल, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं. भोयांना तो लवकर चला, लवकर चला म्हणत राहिला.

खराडीचा माळ दिसला. पावसात, वाऱ्यात, सगळ्यांच्या पुढे, जर्राहाचा डेरा उभा होता. त्याच्यामागे आणखी डेरे उठत होते. दोन तांडे पलीकडे सोनबाच्या मोगरीचा आवाज येत होता. आपला डेरा लावून तो दुसऱ्याच्या मदतीला गेला होता. डेऱ्याचं कापड वाऱ्याने फुगत होतं, दोर ताणत होते, आणि एकही मेख हलत नव्हती.

भोयांनी दाराशी क्षणभर डोली टेकवली. करीमचाचांनी डोळे उघडले. शेजारीच एक तणावा मेखेला बांधलेला होता. त्यांनी डावा हात पुढे केला आणि बोटं गाठीवर ठेवली. बराच वेळ चाचपत राहिले. चार दिवसांत पहिल्यांदाच ते पुतण्याशी बोलले.

"ही कुणाची? आपल्यातला हात नाही हा."

मेहबूबने वाकून पाहिलं. शेपूट लांब सोडलेलं होतं, पीळ ओबडधोबड होता. त्याने आजवर हजारो गाठी पाहिल्या होत्या आणि प्रत्येकीचा मालक सांगितला होता. या गाठीचा त्याला सांगता येईना. एखादा मेखवाला असेल, किंवा कापडवाला, किंवा त्याला नाव ठाऊक नसलेला कुणीही.

"ठाऊक नाही, चाचा," तो म्हणाला.

चाचांनी दोर एकदा ओढून पाहिला. वारा त्याच वेळी जोरात आला आणि गाठ त्यांच्या बोटांखाली आणखी आवळली. आतून जर्राहाने विचारलं, कोण आहे, बाहेर का थांबलात, आत आणा. मेहबूबने एका बाजूने डोली उचलली आणि चाचांना छपराखाली नेलं.